सत्ता गेली, भाग राहिले

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे राज्य संपले, हे शाळेतले मूलही सांगेल. परंतु राज्य संपले म्हणजे नेमके काय संपले, असे विचारले तर मोठी माणसेही अडखळतात. व्हाइसरॉयची सत्ता गेली, झेंडा उतरला, गोऱ्या पलटणी बोटीत बसल्या. पण चहाच्या मळ्यांचे, तागाच्या गिरण्यांचे आणि साबणाच्या कारखान्यांचे जे भाग विलायतेतील लोकांच्या नावावर होते, ते त्या मध्यरात्री कोणाच्याही नावावरून उतरले नाहीत. राजाचा हुकूम थांबला, लाभांश थांबला नाही. या लाभांशाचा आणि आपल्या घरातील महागाईचा संबंध काय, तो या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

महागाई, भागधारक आणि साम्राज्याचा मागे राहिलेला प्रभाव हे तीन विषय सहसा तीन वेगळ्या वक्त्यांकडे जातात. पहिल्यावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलतात, दुसऱ्यावर शेअरबाजाराचे जाणकार, तिसऱ्यावर इतिहासकार. कामगार संघटनेच्या कामात मात्र हे तिन्ही विषय एकाच टेबलावर येतात. पगाराच्या कराराची बोलणी सुरू झाली की कामगार म्हणतो, भाव वाढले. व्यवस्थापक म्हणतो, भागधारकांना उत्तर द्यावे लागते. आणि शेवटचा शब्द मुंबईत नसून परदेशातील मुख्य कचेरीत आहे, असेही कित्येकदा कळते. आम्ही पुस्तके वाचली ती या टेबलावर उत्तर देता यावे म्हणून. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. हिशेब मात्र नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्दांचे अर्थ ठरवून घेऊ. कंपनीचा भाग म्हणजे काय? कच्चा माल, पगार, व्याज, कर हे सगळे देऊन जे उरते, त्यातील वाट्याचा हक्क. आणि चलनवाढ म्हणजे काय? रुपया तोच राहतो, पण त्याला येणारी वस्तू कमी होते. आता पाहा, भाव वाढले की सगळेच रडतात असे आपण समजतो. ते खरे नाही. ज्याची मिळकत ठरीव रुपयांत बांधलेली आहे, तो बुडतो. ज्याची मिळकत विक्रीच्या किंवा किमतीच्या टक्क्यांत बांधलेली आहे, तो तरतो. महागाईचा पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. छत्री कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न असतो. ही छत्री कोणाकोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याचा शोध घेतला म्हणजे सत्ता कोठे आहे ते कळते.

या गोष्टीची सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीपासून करावी लागते. १६०० साली सनद मिळालेली ही कंपनी म्हणजे भागधारकांची मंडळीच होती. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला आणि ती केवळ राज्यकारभार करू लागली. व्यापार नाही म्हणजे नफा नाही; मग भागधारकांनी खावे काय? पार्लमेंटाने सोय लावून दिली. दर साल साडेदहा टक्के लाभांश, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. १८५७ चे बंड झाले, १८५८ मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. लाभांश चालूच राहिला. अखेर १८७४ साली कंपनी विसर्जित झाली, तेव्हा शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड या दराने भागधारकांचे भांडवल परत करण्यात आले. कंपनीचे राज्य जाऊन सोळा वर्षे झाली, तरी तिचे भागधारक आमच्या शेतसाऱ्यावर जगत होते. सत्ता आणि भाग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हा धडा येथेच मिळतो.

दुसरा धडा रेल्वेचा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, त्याचे कौतुक आपण करतो व ते योग्यच आहे. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या विलायती भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, हे कौतुकाच्या वेळी कोणी सांगत नाही. गाडीने कमावले तर उत्तमच. न कमावले तर तूट येथील तिजोरीने भरायची. ज्याला तोट्याची भीती नाही तो खर्चाला हात आखडता का घेईल? दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब आयुष्यभर मांडला. १९०१ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्या हिशेबात अशी व्याजे, पेन्शने आणि नफे यांचीच बेरीज होती.

आता महागाईकडे वळू. या पिढीने पाहिलेली महागाई वेगळी आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात पाहिलेली वेगळी. १९३९ नंतर ब्रिटनने युद्धासाठी येथून कापड, धान्य, तंबू, पोलाद, सर्व काही उचलले. पैसे कसे दिले? समजा, पनवेलच्या एखाद्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडे एक वजनदार गिऱ्हाईक आले. त्याने शंभर पोती उचलली आणि म्हणाले, "रक्कम माझ्याच वहीत तुमच्या नावे जमा केली आहे, लढाई संपल्यावर पाहू." नाही म्हणण्याची सोय नाही, कारण गिऱ्हाईकाच्या हातात बंदूक आहे. हिंदुस्थानचे असेच झाले. लंडनमध्ये आपल्या नावावर पौंड जमा होत गेले आणि त्या पौंडांच्या कागदांच्या आधारावर येथे रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. युद्धाच्या काळात चलनातील नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. माल बाहेर गेला, नोटा घरात राहिल्या. भाव चढले नसते तरच नवल. १९४३ पर्यंत घाऊक भाव युद्धापूर्वीच्या दुपटीच्याही वर गेले, आणि त्याच साली बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. भाववाढ हा येथे एक प्रकारचा कर होता. तो कोणत्याही विधिमंडळात मंजूर झाला नाही. ज्याच्या घरात दाणा साठवलेला नव्हता त्याच्याकडून तो वसूल झाला.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन आपले सुमारे १,७०० कोटी रुपयांचे देणे लागत होते. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणत. ऋणको देश धनको झाला म्हणून कित्येकांना आनंद झाला. पण धनकोची गोष्ट पुढे ऐका. हे पौंड हवे तेव्हा, हवे तेथे खर्चता येत नव्हते; किती मोकळे करायचे ते वाटाघाटींत ठरे. १९४८ च्या करारात येथे मागे राहिलेल्या लष्करी साहित्यापोटी दहा कोटी पौंड कापले गेले आणि येथून परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनांसाठीही मोठी रक्कम वळती झाली. मग १९४९ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. एका पौंडाला ४.०३ डॉलर येत, ते २.८० येऊ लागले. आपणही रुपया पौंडाबरोबर खाली आणला. अमेरिकेकडून यंत्रे किंवा धान्य घ्यायचे तर लंडनमधली आपली शिल्लक एका रात्रीत तीस टक्क्यांनी लहान झाली. उपाशी राहून जमवलेली ही पुंजी पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात संपत आली. आमच्या मते हिंदुस्थानने साम्राज्याला दिलेले हे शेवटचे आणि सर्वांत मोठे सक्तीचे कर्ज होय. त्याची हुंडी महागाईच्या रूपाने गरिबाने वटवली.

या महागाईला कामगाराने दिलेले उत्तर म्हणजे महागाई भत्ता. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी सार्वत्रिक संप केला. पुढे भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला. म्हणजे भाव वाढले की आकडा वाढणार व आकड्यामागे भत्ता वाढणार. येथे कामगाराच्या हाती प्रथमच छत्री आली. पण छत्रीला भोके असू शकतात. मुंबईचा निर्देशांक १९३३-३४ या पायाभूत वर्षावर उभा होता. तीस वर्षांपूर्वीचे कुटुंब काय खात होते, कोणत्या चाळीत किती भाडे भरत होते, त्यावर १९६० नंतरच्या कामगाराची महागाई मोजली जात होती. आकडा खऱ्या महागाईच्या मागे पडतो, ही कामगारांची तक्रार. अखेर महाराष्ट्र सरकारला अर्थशास्त्रज्ञ प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. १९६४ मध्ये समितीचा अहवाल आला व निर्देशांकात दुरुस्ती सुचवण्यात आली. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निर्देशांक आकाशातून पडत नाही. टोपलीत कोणत्या वस्तू घालायच्या आणि कोणत्या दुकानातून भाव आणायचे हे माणसे ठरवतात, आणि त्या ठरवण्यावर हजारो घरांची चूल अवलंबून असते.

कामगाराने छत्री मिळवायला संप केला, समिती मागितली. मालकाकडे ती आधीपासूनच होती. पूर्वी मुंबईच्या गिरण्या मॅनेजिंग एजंट चालवीत. भाग शेकडो लोकांचे, पण कारभार एका पेढीचा. कित्येक पेढ्या सुताच्या दर पौंडामागे पाव आणा दलाली घेत. गिरणीला नफा होवो अथवा तोटा. भागधारक बिचारा उरल्यासुरल्याची वाट पाही. एजंट आधीच जेवून उठलेला असे. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच इंग्रजी पेढ्या देशी भांडवलदारांनी विकत घेतल्या. नावे गोरी राहिली, धनी बदलला, पद्धत तीच राहिली. ही पद्धत कायद्याने पूर्ण बंद झाली ती १९७० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तेवीस वर्षांनी.

ज्या कंपन्या थेट परदेशी होत्या त्यांचे काय? १९७३ मध्ये परकीय चलन नियमनाचा कायदा झाला. लोक त्याला 'फेरा' म्हणत. १९७४ पासून तो अमलात आला. परदेशी कंपनीने येथील भांडवलातील आपला वाटा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा, असा दंडक झाला. उच्च तंत्रज्ञान किंवा निर्यात असेल त्यांना जास्त सवलत होती. कोकाकोला १९७७ मध्ये आणि आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेल्या, त्या बातम्या गाजल्या. पण बहुतेक कंपन्या गेल्या नाहीत. त्यांनी भाग विकायला काढले. हे भाग कोणत्या किमतीस विकावेत हे तेव्हा सरकारचा भांडवल-नियंत्रक ठरवी, आणि ती किंमत बाजारभावाच्या मानाने कमी असे. मग काय विचारता! कारकून, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त मामलेदार असे सर्वांनी अर्ज केले. आपल्या मध्यमवर्गाला शेअरची गोडी लागली ती बरीचशी येथे.

आता भागधारकाची वागणूक पाहा. ६० टक्के भाग हिंदी लोकांचे झाले, म्हणजे कंपनी हिंदी झाली काय? कागदावर झाली. पण हे ६० टक्के हजारो घरांत पाच-पन्नास भागांनी विखुरलेले. कोणी भाग नोंदला गेल्याबरोबर फायद्यात विकून मोकळा झाला. कोणी लाभांशाचा चेक बँकेत टाकून अहवाल रद्दीत घातला. वार्षिक सभेला फारच थोडे जात. आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांकडे मोठे गठ्ठे होते, पण त्या बहुधा व्यवस्थापनाच्या बाजूनेच मत देत. एका हातातील ४० टक्के हे हजार हातांतील ६० टक्क्यांहून जड ठरले. आमच्या संघटनेच्या भाषेत सांगायचे तर, भागधारक पुष्कळ होते, त्यांची युनियन नव्हती.

१९९१ मध्ये धोरण पालटले. परदेशी वाटा ५१ टक्क्यांपर्यंत सहज मंजूर होऊ लागला, १९९२ मध्ये भांडवल-नियंत्रकाचा कायदाही गेला. लागलीच अनेक परदेशी पालक कंपन्यांनी आपल्या येथील कंपनीकडून स्वतःला नवे भाग काढून घेतले, आणि तेही बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात. ठराव सभेत रीतसर मंजूर झाले! फेराच्या वेळी हिंदी लोकांना स्वस्त भाग देऊन जे बाहेर गेले, ते आणखी मोठ्या सवलतीने परत आत आले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये सेबीने किंमत ठरवण्याचा नियम घालून हा मार्ग बंद केला. तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते.

यानंतरचा मार्ग रॉयल्टीचा. पालक कंपनीचे नाव, चिन्ह आणि तंत्र वापरल्याबद्दल येथील कंपनीने द्यावयाचा मोबदला म्हणजे रॉयल्टी. २००९ च्या अखेरीस सरकारने तिच्यावरील मर्यादा उठवली. पुढे उदाहरणार्थ, हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केले की पालक कंपनीस द्यावयाची रॉयल्टी व सेवाशुल्क उलाढालीच्या २.६५ टक्क्यांवरून तीन वर्षांत ३.४५ टक्क्यांवर जाईल. यात बेकायदा काही नाही आणि तंत्राला मोल असतेच. आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते 'उलाढालीच्या' या शब्दाकडे.

समजा, एका कारखान्याची विक्री शंभर कोटींची आहे व रॉयल्टी तीन टक्के. म्हणजे तीन कोटी. पुढल्या वर्षी साबणाची एकही वडी जास्त विकली नाही, केवळ भाव दहा टक्क्यांनी वाढले. विक्री एकशेदहा कोटी, रॉयल्टी तीन कोटी तीस लाख. नफा झाला की नाही हे कोणी विचारले नाही. रॉयल्टीला आपोआप महागाई भत्ता मिळाला! तिला संप करावा लागला नाही, निर्देशांकासाठी समिती मागावी लागली नाही. पाव आणा दलाली आणि ही रॉयल्टी यांचे गोत्र एकच. दोघीही पहिल्या पंगतीला बसतात. लाभांश शेवटच्या पंगतीचा; आणि कंत्राटी कामगार तर पंगतीच्या बाहेरच, पत्रावळी उचलायला.

हा सगळा दोष गोऱ्या कातडीचा, असे मात्र कोणी समजू नये. २००७ मध्ये टाटा स्टीलने ब्रिटनची कोरस कंपनी घेतली, तेव्हा साम्राज्याचे चाक उलटे फिरले म्हणून आपल्याकडे पेढे वाटण्याची भाषा झाली. २०२४ च्या सप्टेंबरात वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी विझली. तेथे विजेची भट्टी येणार आहे, पण तिला माणसे थोडी लागतात. सुमारे अडीच हजार नोकऱ्या गेल्या. तोटा, प्रदूषण, जुनी यंत्रे ही कारणे खरी असतील. परंतु आपल्या नोकरीचा निर्णय समुद्रापलीकडे होतो, हे दुःख त्या वेल्श कामगाराला आणि आपल्या कामगाराला सारखेच कळते. साम्राज्याने भागधारकाला दूर बसून मालकी चालवायला शिकवले. ती विद्या पुढे सर्वांनी उचलली.

आणि सरकार स्वतः भागधारक असेल तर? आपल्या पनवेलजवळचे रसायनी पाहा. रंग आणि औषधे यांना लागणाऱ्या मूळ रसायनांसाठी परदेशावर अवलंबून राहू नये, म्हणून १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी निघाली. तिच्यामुळे गावाचे नावच रसायनी पडले, वसाहत झाली, तीन पिढ्यांना रोजगार मिळाला. पुढे आयात स्वस्त झाली, यंत्रे जुनी झाली, तोटा साचला. आणि २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. अवकाश संशोधन संस्थेला रॉकेटच्या इंधनासाठी लागणारा एक विभाग तेवढा वगळला. निम्म्याहून अधिक भाग भारत सरकारचे, म्हणजे तुमचेआमचे. तरी त्या मालकांपैकी कोणाला सभेचे बोलावणे आले नाही. परकी भागधारकाचे दूर राहणे अंतरामुळे असते. सरकारी भागधारकाचे दूर राहणे सवयीमुळे.

शेवटी जे आज आपल्या दाराशी आहे ते सांगतो. २०१५ च्या ऑगस्टपासून भविष्य निर्वाह निधीत नव्याने येणाऱ्या रकमेचा काही हिस्सा शेअरबाजारात गुंतवला जाऊ लागला. पाच टक्क्यांनी आरंभ झाला, २०१७ मध्ये तो पंधरा टक्क्यांवर गेला. म्हणजे तळोज्याच्या किंवा पाताळगंगेच्या कारखान्यात फंड कापला जाणारा कामगार आता, स्वतःला न कळत, देशातील मोठ्या कंपन्यांचा भागधारक आहे. कायम कामगार कमी करून कंत्राटी वाढवले की पगारखर्च घटतो, नफा वाढतो, भाग चढतो आणि त्याच्या फंडाला चार पैसे जास्त मिळतात. डाव्या हाताने उजव्या हाताचे बोट कापून मलमपट्टीचे पैसे मिळवण्याचा हा प्रकार आहे. उलट त्याच योजनेतील किमान पेन्शन पाहा. २०१४ च्या सप्टेंबरात ते दरमहा हजार रुपये ठरले. पुढील दहा वर्षांत किरकोळ भाव दीडपटीहून अधिक झाले, पेन्शनचा आकडा तसाच राहिला. ज्याचे केस कारखान्यात पिकले, त्याच्या हजाराला छत्री नाही.

मग करावे काय? मोठे उपाय सरकारने करावयाचे आहेत आणि त्यासाठी संघटना आपले काम करतीलच. पेन्शन निर्देशांकाला जोडा, ही मागणी आम्हांस त्यांत पहिली वाटते. परंतु या सभागृहातील श्रोत्यांच्या हातीही काही गोष्टी आहेत. ज्यांच्याकडे भाग आहेत त्यांनी वार्षिक अहवालातील तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत: पालक कंपनीला दिलेली रक्कम, भागधारकांना दिलेला लाभांश आणि कामगारांवरील खर्च. पाच वर्षांचे आकडे मांडले की कोण पहिल्या पंगतीला आहे ते कोणत्याही पदवीशिवाय कळते. मतदान आता घरबसल्या करता येते, ते करावे. ज्यांच्या घरात कोणी कंत्राटी कामावर आहे त्यांनी पगारपत्रकात किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता आहे की नाही ते पाहावे. तो निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो. बदललेला दिसला नाही, तर मुकाट्याने घरी न जाता संघटनेकडे किंवा कामगार कचेरीत जावे.

देश स्वतंत्र होतो तो एका रात्री. त्याचे हिशेब स्वतंत्र व्हायला पिढ्या लागतात. कोणाची मिळकत महागाईबरोबर आपोआप चढते आणि कोणाला त्यासाठी रस्त्यावर यावे लागते, हे दरवर्षी तपासत राहणे हा त्या कामाचा भाग आहे. त्यासाठी वही, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते.